फुफ्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्या काय करतात?

वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘स्मॉल एअरवेज’ (म्हणजे या बारीक श्वासनळ्या) असं लिहिलंय आणि पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, तर जवळपास नॉर्मल, मग आजार कसला, असा तुमचा प्रश्न आहे.

श्वासनलिकेला सुमारे 23 वेळा फाटे फुटतात. त्यांतल्या 1 मिलिमीटरहून बारीक नळ्या म्हणजे श्वसनिका. मोठ्या नळ्यांसारखी कूर्चा (मऊ, लवचीक हाड) त्यांच्या भिंतीत नसते. आजूबाजूच्या फुफ्फुसाचे लवचीक धागे ओढून धरतात म्हणून त्या उघड्या राहतात. भिंतीतले स्नायू आवळले की नळी लगेच अरुंद होते, दम्यात हेच होतं. साधारण सोळाव्या फाट्यापर्यंत हवा नुसती वाहते. पुढे भिंतीवरच वायुकोश (हवेच्या इवल्याशा पिशव्या) दिसू लागतात आणि ऑक्सिजन रक्तात जातो.

आता रिपोर्टचं. एकेक श्वसनिका अरुंद, पण त्या हजारोंनी असतात, त्यामुळे हवेला एकूण अडथळा फार कमी होतो. म्हणून बऱ्याच नळ्या बिघडल्या तरी तपासणीचे मुख्य आकडे ठीक दिसू शकतात. हे हलक्यात घेऊ नका. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद करा. नागपुरात थंडीच्या दिवसांत पहाटे शेकोटीचा, कचरा जाळल्याचा धूर खाली साचतो. त्यातले बारीक कण थेट इथवर पोचतात. वडिलांना ऊन वर आल्यावरच फिरायला पाठवा आणि रिपोर्ट छातीच्या डॉक्टरांना दाखवा.