साखर उतरत नाही? आधी एवढं बघा

मधुमेही मांजराला दोन आठवडे इन्सुलिन देऊनही रक्तातल्या साखरेचा आकडा ४००च्या खाली येत नाही म्हणून तुम्ही घाबरलात, ते समजतं. पण स्वतःहून डोस वाढवू नका. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच. साखर काही दिवस चढी राहण्यापेक्षा एकदम घसरणं जास्त घातक असतं.

घरी साखर मोजायला शिका. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही चढते. कान बोटांत धरून जरा गरम करा, कडेला टोचा, थेंब मिळाला की लगेच लाड. आमची मनी आधी पलंगाखाली पळायची. आता मीटरची डबी उघडली की स्वतःच येऊन बसते.

बाकी लक्षात ठेवायचं ते असं:

- यू-४० (एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिनला यू-४०चीच सिरिंज. यू-१०० (एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट)शी गल्लत झाली तर डोस अडीच पटींनी चुकतो.
- दर १२ तासांनी डोस. मांजर जेवलं नाही तर आधी डॉक्टरांना फोन.
- कमी कर्बोदकांचं ओलं खाणं खूप उपयोगी, पण डॉक्टरांना विचारूनच बदला. इन्सुलिनची गरज झपाट्याने घटू शकते.

झोकांड्या, थरथर, विचित्र सुस्ती अशी साखर फार घसरल्याची लक्षणं दिसली तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.

एवढं करूनही साखर हटत नसेल तर दात आणि लघवीचा संसर्ग तपासून घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. साखरेच्या नोंदींचा आलेख वगैरे पुढच्या महिन्यात बघू.