पडेल सिनेमात कॅमेरा कसा बघायचा

भावा, कथा फसली म्हणून सिनेमा अर्ध्यावर सोडू नकोस. गोष्टीत मन गुंतत नाही, तेव्हाच कॅमेऱ्याचं काम मोकळेपणानं दिसतं. डोळ्यांत भरलेला एकच प्रसंग निवड, आवाज बंद कर आणि तीनदा बघ. आधी फक्त उजेड: नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय, बुबुळातली चमक वर आहे की बाजूला. मग लेन्स. पात्र समोरून चालत येताना झपाट्यानं मोठं झालं तर वाइड, म्हणजे जास्त पसारा टिपणारी लेन्स; चालतंय पण पुढं सरकतच नाही असं वाटलं तर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी. शेवटी कॅमेऱ्याची हालचाल.

आता संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन तोच शॉट मोबाइलवर घे. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/५० सेकंद, फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक. उन्हात चित्र पांढरं पडलं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लाव. शटर १/१००० वर नेलंस तर चालणारी माणसं झटके खातात. मावळतीचं आभाळ सांभाळलं की चेहरा काळा होतो, म्हणून समोर दोन-तीन फुटांवर पांढरा थर्माकोल धर. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, बहुतेक जण चुकतात. काठावरचा दिवा फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सात सेकंद लागू देत, नाहीतर चित्र थरथरतं.

महागडी लेन्स आत्ता नको. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आणि पुढं मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला होता.