आईचा गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधी दुसऱ्या स्टेजचा सांगितला, एमआरआयनंतर '३सी१' लिहिलं. महिन्याभरात एवढा पसरला का? आता आशा किती?

ताई, मी डॉक्टर नाही. इंदूरला रेडिओथेरपीच्या मशीनवर टेक्निशियन होतो, आता निवृत्त. पण हा प्रश्न मशीनबाहेरच्या बाकावर पुष्कळ ऐकलाय.

आजार बहुधा पळालेला नाही, त्याचं नाव बदललंय. २०१८च्या आधी ही स्टेज मुख्यतः हाताने तपासून ठरायची, लसिका ग्रंथी त्यात धरतच नसत. आता ओटीपोटातल्या ग्रंथीत आजार दिसला की मूळ गाठ लहान असली तरी ३सी१. वर महाधमनीजवळच्या ग्रंथीत असला तर ३सी२, आणि ते जास्त गंभीर. ३सी१ मध्ये उपचार बरं करण्यासाठीच असतात. मूळ गाठ लहान असेल तर ३बी (गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली किंवा मूत्रपिंडाचा मार्ग अडवणारी) पेक्षाही निकाल चांगला येऊ शकतो, म्हणून 'तिसरी' या शब्दाला घाबरू नका.

ग्रंथींमुळे धोका वाढतो हे खरंच. किती वाढतो, ते ग्रंथी किती, केवढ्या आणि कुठवर आहेत यावर. रिपोर्टात 'आर' लिहिलंय की 'पी', तेही बघा. आर म्हणजे स्कॅनवर दिसलेलं, पी म्हणजे तुकडा तपासून ठरलेलं. आपल्याकडे टीबीनेही ग्रंथी फुगतात, पेट स्कॅनमध्ये चमकतात. शंका असली तर सुईने तपासणी होते का, विचारा.

उपचार साधारण असे: पाच आठवडे सेक (म्हणजे मशीनने बाहेरून दिलेली रेडिओथेरपी), आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, मग ब्रेकी, म्हणजे ब्रेकीथेरपी: आत गाठीजवळ नळी ठेवून दिलेलं रेडिएशन. सगळं आठ आठवड्यांत आटपायला हवं, लांबलं की फायदा घटतो. माझी भांडणं इथेच व्हायची. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक), रस्ते बंद, आणि दुसऱ्या दिवशी "दादा, एकच तर दिवस चुकला!" त्याहून वाईट म्हणजे सेकाने रक्तस्राव थांबला की काहीजणी ब्रेकीला यायच्याच नाहीत. मूळ गाठीला खरा जोरदार डोस तर ब्रेकीतच मिळतो. आईला तिची भीती वाटत असेल तर भूल देतात का, हे आत्ताच विचारून घ्या. दिवस चुकलाच तर लपवू नका. डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोन सेक देऊन भरून काढू शकतात.

हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवा. आणि सेकाला येताना पाण्याची बाटली आणा, बहुतेक ठिकाणी मूत्राशय भरलेलं लागतं.