गवाक्षातला उजेड आणि खांबांमागचा अंधार

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाजवळ उभे राहून दरवाजाच्या दिशेने, दुपारी चारच्या सुमारास, मी कॅमेऱ्याच्या ऑटो ब्रॅकेटिंगने (एकच दृश्य कमी-अधिक प्रकाश घेऊन ओळीने टिपण्याच्या सोयीने) तीन छायाचित्रे घेतली. ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० आणि शटर १/३०, १/१५ व १/८ सेकंद, म्हणजे एकेका स्टॉपचे (दुप्पट-निमपट प्रकाशाच्या पायरीचे) अंतर होते. कॅमेरा हातातच होता. संगणकावर तिन्ही एकत्र करून एचडीआर (उजेड आणि अंधार दोन्हींतला तपशील दाखवणारे एक छायाचित्र) केल्यावरही दरवाजावरचे गवाक्ष पांढरेफटक राहिले, भाविकांच्या दुहेरी आकृत्या उमटल्या आणि छताच्या लाकडी कमानी प्लास्टिकच्या वाटू लागल्या. तीनाऐवजी सात छायाचित्रे घ्यायला हवी होती का?

उत्तर : नाही. तीन पुरेशी होती. ती चुकीच्या शटरवेळेभोवती घेतली गेली. चैत्यगृह पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर उजेड थेट त्या पिंपळपानी गवाक्षातून येतो आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमागे मात्र अंधारच राहतो. चौकटीचा बहुतेक भाग काळोखी असल्यामुळे कॅमेऱ्याने सरासरी काढून मधले छायाचित्र १/१५ सेकंदाचे ठरवले, आणि आपण त्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक पाऊल टाकले.

त्याऐवजी स्पॉट मीटरने, म्हणजे चौकटीतल्या एका छोट्या जागेपुरता प्रकाश मोजणाऱ्या मीटरने, आधी प्रकाश मोजावा. समजा, त्याच ॲपर्चर आणि आयएसओवर गवाक्षाच्या सर्वांत उजळ भागासाठी मीटरने १/१००० सेकंद दाखवला आणि खांबांमागच्या भिंतीसाठी अर्धा सेकंद. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, तेव्हा हे अंतर सुमारे नऊ स्टॉपचे झाले. मीटर ज्या जागेवर रोखावा, ती जागा तो मध्यम करडी धरतो, आणि साधारणपणे त्याच्या तीनेक स्टॉप वर गेलेला भाग जळून पांढरा होतो. आपल्या सर्वांत गडद, म्हणजे १/३० च्या छायाचित्रातही गवाक्ष मध्यम करड्याच्या पाच स्टॉप वर होते, म्हणून ते तिन्हींत जळाले. आणि जे एकाही छायाचित्रात नोंदले गेले नाही, ते कोणतेही सॉफ्टवेअर आणून देऊ शकत नाही. हेच १/२५०, १/६० आणि १/१५ असे घेतले असते, तर पहिल्यात गवाक्ष फक्त दोन स्टॉप वर राहिले असते आणि शेवटच्यात खांबांमागची भिंत मध्यम करड्याच्या तीन स्टॉप खाली, म्हणजे अंधारी पण दगडाचा पोत दाखवणारी आली असती. अर्ध्या सेकंदापर्यंत जाण्याची गरजच नव्हती, कारण लेण्यातला अंधार अंधारासारखाच दिसायला हवा.

यासाठी ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) ब्रॅकेटिंगचे अंतर दोन स्टॉप आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय) उणे दोन ठेवावे, म्हणजे केंद्र १/१५ वरून १/६० वर सरकेल. एखाद्या कॅमेऱ्यात एका स्टॉपहून अधिक अंतर मिळत नसेल, तर पाच छायाचित्रे घेऊन तीच व्याप्ती साधता येते; अधिक छायाचित्रांचा उपयोग तेवढ्यापुरता आहे. ऑटो आयएसओ बंद असावा, नाहीतर कॅमेरा शटरऐवजी आयएसओच बदलून बसण्याची शक्यता असते. फोकस एकदा साधून मॅन्युअलवर टाकावा. पहिल्या, गडद छायाचित्राचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) जागेवरच पाहावा: आलेख उजव्या कडेला चिकटलेला दिसला, तर केंद्र आणखी खाली न्यावे. सूर्यबिंबच चौकटीत आले असेल, तर ते वाचवण्याचा हट्ट धरू नये.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल, तर जमिनीवर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावावा. अनेक कॅमेऱ्यांत एकदा बटण दाबल्यावर पुढची सर्व छायाचित्रे आपोआप निघतात. खालून घेतल्याने खांब आणि कमानी उंचही दिसतात, हा वरचा लाभ.

दुहेरी आकृत्यांचे कारण हात हलणे आणि माणसे चालणे, दोन्ही आहे. एकवीरेच्या दर्शनाला आलेली गर्दी आपल्यासाठी थांबणार नाही. सॉफ्टवेअरमधील डीघोस्टिंग (दुहेरी आकृत्या काढण्याची सोय) वापरून माणसांचा भाग एकाच छायाचित्रातून, शक्यतो १/६० च्या, घ्यावा. प्लास्टिकपणाचा दोष मात्र ब्रॅकेटिंगचा नसून टोन मॅपिंगमध्ये (एकत्र केलेला उजेड-अंधार पडद्यावर दिसेल असा बसवताना) स्थानिक कॉन्ट्रास्ट ओढून ताणण्याचा आहे. दोन हजार वर्षांच्या त्या कमानींवर सावल्या आहेत म्हणूनच त्यांची गोलाई कळते. सावल्या पुसल्या की लाकूड सपाट होते. सॉफ्टवेअरने सुचवलेल्या प्रभावाच्या निम्म्यावर थांबून पाहावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : एकाच रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीतून) गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन जेपेग काढून त्या एकत्र केल्या, तर तेच काम होत नाही का?

उत्तर : होत नाही. शटर एकदाच उघडले, त्यामुळे जळालेला भाग तिन्ही प्रतींत जळालेलाच असतो आणि सावलीतले दाणे (नॉइज) उजळ प्रतीत अधिकच ठळक होतात. शिवाय १४ बिटच्या रॉमधील उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६ वर येतात. दृश्यातील उजेड-अंधाराचे अंतर सेन्सरच्या आवाक्यात असेल, उदाहरणार्थ ढगाळ दिवशी, तर तीन प्रतींचा खटाटोपही नको. त्या एकाच रॉमध्ये हायलाइट उतरवून सावल्या थोड्या उचलणे पुरते. आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन जोडणारा फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे यालाही १८५० च्या दशकात हीच अडचण होती, आणि त्यानेही दोन वेगळी छायाचित्रे घेतली होती.