बार्बर ऐकायला सुरुवात करताना

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला तू अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरपासून सुरुवात करतोयस, फार बरं वाटलं. पण ‘अदाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ लगेच मोठ्या वाद्यवृंदाकडून ऐकू नकोस. ती रचना मुळात त्याच्या १९३६ च्या स्ट्रिंग क्वार्टेटमधली, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेतली. आधी चारच वाद्यांवर ऐक. एकच सुरावट पायरी-पायरीने वर चढते, टिपेला पोचते आणि मग शांतता. ती शांतता घाईने ओलांडू नकोस. मला तर सगळं तिथेच सापडतं. १९३८ मध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने सादर केलेलं वाद्यवृंदाचं रूप त्यानंतर घे.

बार्बर स्वतः बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्जातल्या पुरुषी आवाजाचा गायक. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेत तो गाणंही शिकला, म्हणून त्याने लिहिलेलं व्हायोलिनसुद्धा गातं. व्हायोलिन कॉन्चेर्टोचे (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाच्या रचनेचे) पहिले दोन भाग ऐकलेस की पटेल. तिसरा एकदम सुसाट सुटतो, दचकू नकोस. ‘डोव्हर बीच’ हे त्याचं गीत त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित आहे, ते जरूर शोध.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराची नवी वास्तू त्याच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ने उघडली आणि तो ऑपेरा पडला. तो घाव त्याला फार लागला. ते सध्या राहू दे. ‘नॉक्सव्हिल’ ही त्याची गायिका आणि वाद्यवृंदासाठीची रचना मात्र रात्री ऐक, दिवे मालवून.