ग्रीक शोकांतिकांतले नायक स्वतःलाच परके का होतात?

तुम्ही विचारलंय की प्राचीन ग्रीक शोकांतिकांतले नायक स्वतःपासून तुटलेले वाटतात, ते खरंच नाटकात आहे की आपण आजचं मानसशास्त्र त्यांच्या माथी मारतोय? माझ्या मते नाटकातच आहे, फक्त त्याची जात वेगळी. 'मी नक्की कोण' म्हणून आतल्या आत कुढणं तिथे फारसं नाही. हा नायक स्वतःला ओळखतो तेच मुळी चारचौघांच्या नजरेतून: अमक्याचा मुलगा, अमक्या लढाईतला वीर, अमक्या नगराचा राजा. मग त्याच्याच हातून असं काही घडतं की ते कृत्य त्या ओळखीत बसत नाही आणि नाकारताही येत नाही.

सगळे इडिपसपासून सुरुवात करतात. मी नाटककार सॉफोक्लीसच्या 'एजॅक्स'पासून करेन, कारण तिथे हे अगदी उघड्यावर आहे. एजॅक्स म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला एक ग्रीक वीर. ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं एजॅक्सला न मिळता दुसऱ्या ग्रीक वीराला, ओडिसियसला, मिळतात. अपमानाने पेटलेला एजॅक्स रात्री ग्रीक सेनापतींना कापून काढायला निघतो. अथीना देवी त्याला भ्रम घालते आणि तो गुरं-मेंढरं मारत सुटतो. एका मेंढ्याला ओडिसियस समजून खांबाला बांधतो आणि चाबकाने फोडतो. त्याची बायको टेक्मेसा (खरं तर युद्धात जिंकून आणलेली बाई) म्हणते ते ऐकण्यासारखं आहे: वेड लागलेलं होतं तेव्हा तो मजेत होता, त्रास आम्हाला होत होता, आता शुद्धीवर आलाय तर दोघांनाही होतोय.

शुद्धीवर आल्यावर त्याला घोर पडतो तो बापाला तोंड कसं दाखवायचं याचा. बाप तेलामॉन याच ट्रॉयच्या भूमीवरून पराक्रमाचं पहिलं बक्षीस घेऊन घरी गेलेला, आणि मुलाच्या नावावर आता मेलेली जनावरं. ज्या एजॅक्सला तो ओळखत होता त्याने हे केलेलं असूच शकत नाही, आणि केलंय तर त्यानेच. शेवटी तो ट्रॉयच्या हेक्टरने भेट दिलेली तलवार जमिनीत उभी रोवतो आणि तिच्यावर पडतो. शत्रूने दिलेली तलवार! सॉफोक्लीस असले तपशील उगाच घालत नाही.

इडिपसचा प्रकार उलटा. तो थीबीज नगराचा राजा, पण त्याला वाटतं आपण कोरिंथहून आलेले, इथे उपरे. आधीचा राजा लायस (खरं तर त्याचाच बाप, नकळत त्यानेच मारलेला) याच्या खुन्याला तो भर सभेत शाप देतो, आणि वर म्हणतो की माझाच बाप असल्यासारखा मी या मेलेल्या राजासाठी लढेन. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस तेव्हाच सांगून टाकतो की खुनी इथला जन्मजात रहिवासी निघेल. म्हणजे हा माणूस ज्याला परका समजून शोधतोय तो स्वतः, आणि ज्या गावात तो स्वतःला परका समजतोय ते त्याचं जन्मगाव. 'नियतीचा खेळ' म्हणून हे नाटक गुंडाळणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो. शोध घ्यायला त्याला कुणी भाग पाडलेलं नाही. जोकास्टा, त्याची बायको आणि खरं तर आईही, तर थांब म्हणून विनवते.

दुसरा नाटककार युरिपिडीस, त्याच्या 'बाखाय'मधली अगावी विसरू नका. मद्याचा देव डायोनिसस याच्या उन्मादात तिने पोटच्या पोराचं, पेन्थियसचं, मुंडकं आणलंय आणि ते सिंहाचं समजून मिरवतेय. तिचा बाप कॅडमस तिला एकदम काही सांगत नाही. आधी आकाशाकडे बघ म्हणतो. मग तुझं लग्न कुठल्या घरात झालं, मुलगा कोण झाला, आणि मग, हातात कुणाचं तोंड आहे? सिंहाचं, ती म्हणते. नीट बघ, तो म्हणतो. एकेका साध्या प्रश्नाने बाप मुलीला तिच्याकडे परत आणतो, आणि ते परत येणं हीच शिक्षा.

हे सगळ्यांना लागू पडत नाही, हेही खरं. राजाचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला तिची कृती कधी परकी वाटत नाही. मिडिया तर स्वतःची मुलं मारण्याआधी स्वतःच्याच मनाशी भांडते. आपण काय करणार आहोत हे तिला पुरतं ठाऊक आहे.

एकच नाटक वाचायला वेळ असेल तर युरिपिडीसचं 'हेराक्लीस' वाचा, म्हणजे आपला हर्क्युलिस. एजॅक्ससारखाच भ्रमात, पण याने बायको आणि तीन मुलं मारलीत. मरायचं ठरवतो, त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थीसियस समजावतो, आणि तो जगायचं कबूल करतो. मग प्रश्न उरतो धनुष्याचा. त्याच धनुष्याने मुलं मारली. ते कुशीला लागलं की 'माझ्यानेच तू मुलं मारलीस' असंच बोलेल. टाकून दिलं तर शत्रू नि:शस्त्र गाठतील. तो बराच वेळ घोळ घालतो आणि शेवटी ते ठेवून घेतो. मला एजॅक्सच्या तलवारीपेक्षा हा निर्णय अवघड वाटतो.