नन्सच्या हॉस्पिसबद्दल: डब्लिन, हॅकनी आणि आपलं वांद्रे

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडिलांचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, डॉक्टर म्हणाले आता केमो नको आणि वांद्र्याच्या शांती अवेदना सदनचं, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या हॉस्पिसचं, नाव सुचवलं, आणि घरात काकांचं म्हणणं की तिथे माणसाला मरायला नेऊन टाकतात, नन्स चालवतात म्हणजे धर्माचं काहीतरी असणारच आणि मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखण्यावरचं औषध, देऊन नुसतं झोपवून ठेवतात. मी कॅन्सर वॉर्डात नर्स होते, आता रिटायर झालेय, आणि हे तिन्ही मुद्दे नातेवाइकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेत की काकांचा अजिबात राग येत नाही. पण तुम्ही विचारलंत की ही हॉस्पिस मुळात आली कुठून, तर ते जरा सविस्तर सांगते, कारण काकांच्या शंकांची उत्तरं त्यातच आहेत.

सुरुवात फ्रान्समधे, लिऑन शहरात १८४२ साली जान गार्निए नावाच्या एका विधवा बाईने केली, बरे न होणाऱ्या गरीब बायकांची सेवा करायला तिने इतर विधवांना एकत्र आणलं. पण आपल्याकडे जी पद्धत पोचली तिचा धागा आयर्लंडचा. डब्लिनमधे मेरी एकनहेडने १८१५ साली सिस्टर्स ऑफ चॅरिटी हा नन्सचा संघ काढला, १८३४ मधे सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटल सुरू केलं, आणि ही बाई स्वतः आयुष्याची शेवटची बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिथूनच पत्रं लिहून सगळा कारभार बघायची. १८५८ मधे ती गेली. डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागातल्या ज्या घरात ती वारली तिथेच १८७९ मधे तिच्या सिस्टर्सनी अवर लेडीज हॉस्पिस उघडलं. त्या काळात हॉस्पिटलं देणग्यांवर चालायची आणि बरा होऊन घरी जाईल असाच पेशंट त्यांना हवा असायचा, मग शेवटच्या स्टेजच्या टीबीवाल्या गरीब माणसाला एकतर अंधारी खोली नाहीतर वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवायचं सरकारी घर. म्हणजे काका म्हणतात ते 'टाकून देणं' आधी बाहेर चालू होतं, आणि टाकलेल्यांना आत घेण्यासाठी नन्सनी हे घर उघडलं.

त्याच संघाच्या सिस्टर्स पुढे पूर्व लंडनमधे आल्या, गोदी कामगार, आयरिश मजूर, एकेका खोलीत आठ-आठ माणसं अशी वस्ती, आणि १९०५ साली हॅकनीत सेंट जोसेफ्स हॉस्पिस सुरू झालं. पहिली कित्येक वर्षं तिथेही मुख्यतः टीबीच. आता धर्माबद्दल, जे आहे ते सरळ सांगते. सुरुवातीच्या काळात या सिस्टर्सना 'चांगलं मरण' म्हणजे प्रार्थना, कन्फेशन म्हणजे पापांची कबुली, पाद्रींच्या हातून शेवटचा संस्कार, हे फार महत्त्वाचं वाटायचं, शरीराच्या वेदनेवर त्यांच्याकडे औषधं थोडीच होती आणि डॉक्टरही क्वचितच यायचे. पण नर्सिंग मात्र असं की आजही शिकवावं. कूस बदलणं, पाठ कोरडी ठेवणं, तोंड आतून ओल्या कापडाने पुसणं आणि ओठांना काहीतरी लावणं म्हणजे ते फुटत नाहीत, पेशंट एक घोट चहा प्यायला तरी तो घाई न करता पाजणं. ही कामं कुठल्याही फाइलीत दिसत नाहीत, पण पेशंटचा दिवस त्यांच्यावरच जातो, हे माझं ठाम मत आहे.

आता १९५८. सिसिली साँडर्स नावाची डॉक्टर सेंट जोसेफ्समधे आली. आधी नर्स होती, पाठीच्या त्रासाने ते सोडावं लागलं, मग हॉस्पिटलची समाजसेविका झाली, १९४८ मधे डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू पेशंट तिच्यासमोर कॅन्सरने गेला, त्याने जाताना तिला ५०० पौंड ठेवले, आणि मग मरणाऱ्या माणसांसाठीच काम करायचं म्हणून ती तिशी उलटल्यावर मेडिकलला गेली आणि १९५७ मधे डॉक्टर झाली. स्वतः या नन्ससारखी कॅथलिक नव्हती, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या वेगळ्या चर्चची होती. नन्सनी तिला वॉर्ड मोकळा करून दिला. तोपर्यंत इंग्लंडच्या बहुतेक हॉस्पिटलांत रीत अशी की पेशंट कळवळला, घंटी वाजवली, नर्सने वरिष्ठांना विचारलं, की मग इंजेक्शन, आणि त्याचा असर उतरला की पुन्हा तेच. म्हणजे औषध मिळायला आधी दुखणं सिद्ध करायचं. साँडर्सने लंडनच्याच बेझवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमधे व्हॉलंटिअर असताना वेगळं पाहिलं होतं, तिथे घड्याळ बघून औषध द्यायचे, आणि तेच तिने हॅकनीत बसवलं. दर ४ तासांनी तोंडाने मॉर्फिनच्या जातीचं पातळ औषध, दुखायची वाट न बघता. प्रत्येक पेशंटचा डोस वेगळा, थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यायचा, आणि सगळं कार्डावर लिहायचं, कारण आधी तिथे नोंदीच नव्हत्या. हजाराहून जास्त पेशंटच्या नोंदी तिने ठेवल्या. त्यातून दिसलं की असं नियमित दिलं तर माणूस व्यसनी होत नाही आणि डोसही भरमसाट वाढवत न्यावा लागत नाही. जे लोक भिंतीकडे तोंड करून पडायचे ते उठून गप्पा मारायला लागले.

तिने आणखी एक गोष्ट मांडली की दुखणं फक्त हाडात किंवा लिव्हरमधे नसतं, घरच्या पैशांची चिंता, मुलीचं लग्न राहिलंय, देवाने मलाच का दिलं, हे सगळं मिळून एकच वेदना होते आणि एकट्या गोळीने ती जात नाही. १९६७ मधे तिने स्वतःचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस काढलं आणि तिथून हे जगभर गेलं. ती हेरॉइन म्हणजे डायामॉर्फिन वापरायची, पुढे त्याच हॉस्पिसमधे रॉबर्ट ट्वायक्रॉसने तुलना करून दाखवलं की तोंडाने दिलं तर साधं मॉर्फिन तेवढंच चांगलं चालतं. हे आपल्यासाठी फार मोठं, कारण डायामॉर्फिन बहुतेक देशांत मिळतच नाही.

आणि 'इंजेक्शन देऊन संपवतात' ही जी भीती असते, तर कॅथलिक चर्च इच्छामरणाच्या पूर्ण विरोधात आहे, साँडर्ससुद्धा आयुष्यभर विरोधातच होती. त्याच वेळी पोप पायस बारावे यांनी १९५७ मधेच भूलतज्ज्ञ डॉक्टरांना सांगितलं होतं की वेदना थांबवायला गरजेचं असेल तर औषध देणं योग्य आहे, आणि उपयोग नसलेले अवजड उपचार चालूच ठेवायचं बंधन नाही. म्हणजे मरण ओढून आणायचं नाही आणि ताणायचंही नाही.

आपल्याकडे १९८६ मधे मुंबईचे कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्यात माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही काढलं. नर्सिंग होली क्रॉसच्या सिस्टर्सचं. कुठल्याही धर्माचा पेशंट घेतात आणि पैसे घेत नाहीत. तिथे क्रूस आणि प्रार्थना दिसणार, ते नन्सचं घर आहे, पण तुमचे वडील त्यांचा हरिपाठ म्हणू शकतात, पोथी सोबत द्या.

मॉर्फिनची भीती मात्र आपल्याकडे कायद्यानेही वाढवली. १९८५ च्या नार्कोटिक्स म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानंतर इतकी लायसन्सं लागायला लागली की हॉस्पिटलांनी आणि दुकानांनी ते ठेवणंच सोडलं, आणि हे त्या देशात जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. माणसं अक्षरशः ओरडत गेली त्या वर्षांत, मी बघितलंय आणि ते मला कधी पटणार नाही. २०१४ मधे कायदा बदलला तेव्हा थोडं सोपं झालं.

आता कामाचं. मॉर्फिन सुरू झालं की पहिले काही दिवस गुंगी येते, ती बहुतेकांची कमी होते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी 'बाबा झोपूनच आहेत' म्हणून घाबरून बंद करू नका, पण उठवूनही उठत नसतील किंवा श्वास फार हळू झाला तर लगेच सांगा. बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत पाहिजेच, लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. दोन डोसच्या मधे दुखलं तर काय द्यायचं हेही विचारून कागदावर लिहून घ्या. बायॉप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी एका फाइलीत लावा, बेड आहे का आणि रात्री घरचं कोण थांबू शकतं हे आधी फोन करून विचारा, आणि बाबांना हलवायच्या आधी काकांना घेऊन एकदा तिथे जाऊन या, काकांना जे वाटतं ते त्यांनी सिस्टरना समोरासमोर विचारू दे.